साक्षीदाराची ओळ

काचेच्या भांड्यांनी भरलेली ढकलगाडी दारात अडकली होती, आणि ती ढकलणारा पोरगा पावसात निथळत उभा होता. येसेनिया आधी पुढे निघून गेली, मग काय वाटलं कोण जाणे, परत आली आणि तिने पायाने दार अडवून धरलं. हात मोकळे नव्हते. स्वेटरखाली काहीतरी तिने दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं होतं.

"आत काय आहे?" पोराने विचारलं. "मांजर असेल तर प्रयोगशाळेत नेता येत नाही."

"वही आहे."

"मग मांजरापेक्षा जास्त भिजलीय."

खरंच भिजली होती. त्याने तिला आत नेलं, टिपकागदाचा गठ्ठा पुढे केला. वेंडेल क्रौस त्याचं नाव. रसायनशास्त्राच्या कोठारात भांडी देण्याघेण्याचं काम करायचा आणि तिथेच शिकायचाही. दोघं मिळून पानं टिपू लागले. त्याचे हात मोठे होते, पण कागदाला हलके लागत होते... येसेनियाने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. आज असलं काही बघायला तिला सवड नव्हती.

येसेनिया बार्रिएन्तोस डोंगरापलीकडची, ओरेगनच्या पूर्वेकडच्या कांद्याच्या गावची. गावच्या छोट्या कॉलेजात दोन वर्षं काढून ती राज्य विद्यापीठात मृदाशास्त्राची पदवी घ्यायला आली होती. बाकीची सगळी क्रेडिटं इकडे जमा झाली. अडली ती रसायनाची तीन सत्रं. त्या वर्षी कॉलेजच्या प्रयोगशाळेचं छत खचलं, म्हणून मुलांना सामानाची पेटी घरी पाठवली होती आणि सगळ्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रयोग केले होते. विद्यापीठ म्हणत होतं, हाताने काम केल्याचा पुरावा म्हणून प्रयोगांची वही दाखव. शुक्रवारी पाचच्या आत. नाहीतर तिन्ही सत्रं नव्याने, म्हणजे एक वर्ष पाण्यात. एका वर्षाचं काय एवढं, असं लोक म्हणत. पण तिचा चुलतभाऊ एका वर्षासाठीच घरी परतला होता. त्याला कांद्याच्या शेडमध्ये आता सहावं वर्ष लागलं होतं.

वेंडेल पानं उलटता उलटता थांबला.

"ही किती दिवसांत लिहिलीस?"

"वर्षभर—"

"खरं सांग."

"चार दिवसांत," ती हळूच म्हणाली. "जुनी फार घाण झाली होती. डाग, खाडाखोड... म्हणून नवीन उतरवून काढली."

त्याने वही मिटली. वहीचा कायदा तिलाही ठाऊक होता. लिहायचं शाईने, चुकलं तर एकच रेघ मारून शेजारी आपली आद्याक्षरं घालायची, पान फाडायचं नाही, आणि प्रयोग डोळ्यांनी पाहिलेल्याची पानाखाली सही घ्यायची, साक्षीदार म्हणून. पण भीतीपोटी माणूस ठाऊक असलेलंच विसरतो. वेंडेल म्हणाला, या वहीत एकही रेघ नाही. काम केलेल्या माणसाची वही इतकी स्वच्छ नसते. प्रुइट बाई पंचवीस वर्षं वह्या तपासतात. त्या म्हणतील, पोरीने बसल्या जागी रचलंय.

"आणि ही खालची ओळ? साक्षीदाराची? सगळीकडे कोरी. तुझ्यासमोर कोणीच नव्हतं?"

"आई होती." येसेनियाने ओल्या पानाचा कोपरा सरळ केला. "तिला नावापुरतंच लिहिता येतं. तेही मीच शिकवलं, त्याच टेबलावर. अक्षर वाकडंतिकडं... मला वाटलं, हे मोठ्या विद्यापीठात कसं दाखवायचं."

"जुनी वही कुठाय?"

"रविवारी मी आईला फोनवर सांगितलं, शेगडीत घाल म्हणून."

त्या दिवशी गुरुवार होता. आई शेडमध्ये, आणि तिथे काम संपेपर्यंत फोन कुलपात ठेवावा लागे. गाव पाच तासांवर. वेंडेलने घड्याळ पाहिलं, मग भिंतीवरच्या किल्लीकडे.

"माझी गाडी आहे. पण तुझ्या बाजूचं दार उघडत नाही, खिडकीतून चढावं लागेल."

"तू कशाला येतोस?"

"माझं एक वर्ष गेलंय असंच," तो म्हणाला. "आणि तू दार धरलंस."

घाटापर्यंत पाऊस होता, मग कोरडं पिवळं रान लागलं. येसेनियाला जिकडेतिकडे राखच दिसत होती. वेंडेलने तिला धीर दिला नाही. उलट एकेक प्रयोग आठवून सांगायला लावला, आणि ती चुकली की हसायचा. मध्येच तिच्या लक्षात आलं, त्याचीही बोटं चाकावर पांढरी पडलीत.

"तुला कसली भीती?"

"नंतर सांगतो."

एउलालिया, तिची आई, नुकतीच शेडमधलं काम संपवून आली होती. केसांत कांद्याची सालं. तिने आधी वेंडेलला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"हा कोण गं?"

"कॉलेजची काचेची भांडी सांभाळतो."

"फोडतो का?"

"महिन्याला एखाददुसरं, सेन्योरा," वेंडेल मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला. एउलालियाने ओठ दाबून हसू गिळलं.

मग येसेनियाने वहीचं विचारलं. शेगडी पेटलेली होती. आई आत गेली. बराच वेळ आली नाही... आली तेव्हा हातात सणासुदीचा टेबलावरचा कपडा होता, आणि त्याच्या घडीत वही.

"तू जाळ म्हणालीस," ती म्हणाली. "पण माझं नाव आहे त्यात. एकोणचाळीस वेळा. दुसऱ्या कुठल्या पुस्तकात आहे?"

येसेनियाला मान वर करता येईना. पहिल्या पानावरची सही पावसात आडव्या पडलेल्या पातीसारखी होती. शेवटच्या पानावर ती ताठ उभी होती.

रात्र तिथे काढून दोघं शुक्रवारी पहाटे निघाले आणि दहाच्या सुमाराला पोचले. प्रुइट बाईंनी जांभळ्या डागावर बोट ठेवलं. हे काय, म्हणून विचारलं.

"लाल कोबीचा रस. आम्लाची परीक्षा करत होते. आईचं कोपर लागलं."

"आणि एउलालिया म्हणजे कोण?"

"आई," येसेनिया म्हणाली, या वेळी मोठ्याने. "माझी साक्षीदार."

बाईंनी बराच वेळ सह्या पाहिल्या, एकामागून एक. पाच दिवस पोरीचा जीव टांगणीला लागला. बुधवारी उत्तर आलं. दोन सत्रं मान्य, तिसरं उन्हाळ्यात पुन्हा करायचं. वर्ष वाचलं होतं.

उन्हाळ्यासाठी नवी वही घ्यायला ती कोठाराच्या खिडकीशी गेली. वेंडेलने वही दिली. तिने तिथेच उभं राहून पहिल्या पानावर तारीख घातली, दोन ओळी लिहिल्या आणि वही त्याच्याकडे सरकवली.

त्याने वाचलं. 'प्रयोग: वेंडेलला रविवारी आईकडे जेवायला बोलावणं. भीती: भरपूर.'

"खाली सही कर," ती म्हणाली. "साक्षीदार म्हणून."

त्याने पेन उचललं, आणि खाली ठेवलं.

"मला नाही करता येणार," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "ज्याचा प्रयोगात हात आहे, त्याला साक्षीदार होता येत नाही. कायदा आहे." मग खाली बघून म्हणाला, "त्या दिवशी गाडीत विचारलं होतंस ना... वही मिळाली की तू खिडकीतून उतरशील आणि निघून जाशील, ती भीती होती."

रविवारी एउलालियाने हात पुसले, चष्मा लावला आणि वही जवळ ओढली. पेन टेकवायच्या आधी थांबली.

"काय लिहिलंय ते आधी वाचून दाखव. न ऐकता मी सही करत नसते."

येसेनियाने वेंडेलकडे पाहिलं, आणि वाचायला सुरुवात केली.