हिरवं कुलूप

"माझ्या बायकोचा आवाज पुसला गेलाय," पाहुणा बसायच्या आधीच म्हणाला. "कुणी पुसला ते मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त सिद्ध करा."

"ठाऊक आहे तर माझ्याकडे कशाला आलात?" ताई म्हणाली. "बसा आधी."

ताई खाजगी तपासाची कामं घ्यायची. धाकटा भाऊ मदतीला असायचा. त्याचं डोकं सावकाश चालायचं, तोंड मात्र भरभर.

पाहुणा घरांचे नकाशे काढायचा. बायको गेल्यापासून तो घरूनच काम करत होता. बायकोने नातीसाठी गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. त्या घरातल्या कपाटात, संगणकाला जोडलेल्या साठवणीच्या डब्यात होत्या. गुरुवारी दुपारी तो डबा कोरा झाला.

"घरी कोण होतं?"

"मी आणि सून. मी व्हीपीएन लावून, म्हणजे इथूनच ऑफिसशी जोडणी करून, तिथला तसलाच जुना डबा पुसत होतो. त्यातले नकाशे नव्या डब्यात गेलेत. म्हणजे उरली कोण? सूनच ना!"

"तिला बोललात?"

"सगळ्यांदेखत. आज संध्याकाळी ती नातीला घेऊन माहेरी निघालीय. परत येणार नाही म्हणते."

ताई उठली. "मग चला, आत्ताच."

सून मुलीचे फ्रॉक घड्या घालून बॅगेत भरत होती. शेजारी तिचा फोन पडला होता.

"वहिनी, फोन बघू जरा," भाऊ म्हणाला.

तिने झटकन फोन पाठीमागे धरला. चेहरा लालबुंद झाला. भावाने ताईला डोळ्यांनी खुणावलं. सापडली!

"डब्याचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?" ताईने विचारलं.

"सगळ्यांना. बाबा घरी, ऑफिसात एकच ठेवतात. मागच्या आठवड्यात नवा राउटर आणला, तेव्हा घरातल्या यंत्रांचे नेटवर्कवरचे नंबरही ऑफिससारखे करून घेतले."

"डोक्याला ताप नको!" सासरा दारातून म्हणाला. "मी कुठेही गेलो तरी माप एकच. डबेसुद्धा एकाच कंपनीचे घेतलेत."

"व्हीपीएन नीट चालतं ना?"

"कसलं नीट! पडद्यावर हिरवं कुलूप दिसतं, म्हणजे जोडणी झालेली असते. पण नवा राउटर आल्यापासून ऑफिसचा नवा डबा उघडतच नाही. जुना तेवढा चटकन उघडला."

"आणि कुलूप हिरवं असताना घरातला प्रिंटर चालतो?"

"चालतो की. त्याचा इथे काय संबंध?"

ताईने त्याच ऑफिसात असलेल्या सासऱ्याच्या मुलाला फोन लावला. "तिने नाही हो केलं," तो हळू आवाजात म्हणाला. "पण बाबांपुढे माझी जीभच रेटली नाही. तोंड दाखवायची लाज वाटते."

"तुमचा जुना डबा रिकामा झाला का?"

"छे, गच्च भरलेला आहे. बाबांचं राहिलं असेल."

बाहेर आल्यावर भाऊ कुजबुजला, "सूनच, ताई. फोन लपवला!"

"लपवला खरा. का लपवला, ते विचारलंस?"

ताईने सगळ्यांना सासऱ्याच्या खोलीत बोलावलं. मुलगा फोनवर होताच.

"लावा व्हीपीएन. आता ऑफिसचा जुना डबा उघडा, गुरुवारी उघडला तसाच."

सासऱ्याने नंबर टाकला. पडद्यावर डब्याचं पान उघडलं.

"दादा, ऑफिसच्या जुन्या डब्याची वायर काढा," ताईने फोनवर सांगितलं.

"काढली," मुलगा म्हणाला.

सासऱ्याने पान पुन्हा उघडलं. जसंच्या तसं. तो हसला. "भलतीच वायर काढली असेल त्याने."

ताई कपाटापाशी गेली आणि तिने घरातल्या डब्याची वायर ओढली. पान गेलं. सासऱ्याचं हसूही गेलं.

"व्हीपीएन म्हणजे ऑफिसपर्यंतचा बोगदा," ताई म्हणाली. "पण संगणक आधी बघतो, हा नंबर घरातला आहे का? असेल तर तो बोगद्याकडे वळतच नाही. म्हणून तुमचा प्रिंटर चालतो. तुम्ही घराला आणि ऑफिसला एकच नंबर दिलेत. नव्या डब्याच्या नंबरचं घरात कुणीच नाही, म्हणून तो उघडत नाही. जुन्याचा नंबर मात्र कपाटातल्या डब्यालाही आहे. कंपनी तीच, पासवर्ड तोच, पान तेच. ऑफिसचा डबा अजून भरलेला आहे, कारण तुम्ही तो पुसलाच नाहीत. आत काय आहे ते न बघता बटण दाबलंत, ते इथल्या डब्याचं."

सासऱ्याची नजर फरशीवर खिळली होती.

"पण मग फोन?" भाऊ चाचरला.

सुनेने फोन पुढे केला. "आईंच्या चार गोष्टी मी यात उतरवून घेतल्या होत्या. न विचारता. काम करताना ऐकायचे. चोर म्हटल्यावर हे दाखवलं असतं, तर चोरच ठरले असते ना?"

भावाची कानशिलं तापली. एका लाल चेहऱ्यावरून त्याने तिला केव्हाच गुन्हेगार ठरवलं होतं. "वहिनी, मला माफ करा," तो कसाबसा म्हणाला.

सासऱ्याने फोनकडे बोट केलं. "एक... एकदा ऐकवशील का?"

सुनेने बटण दाबलं. गोष्टीतला कोल्हा नदीपाशी पोचला होता. तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये मागून सासऱ्याचाच आवाज आला, "माझी मापाची टेप कुठाय? सूनबाई, तूच हलवली असशील!" गोष्ट थांबली, आणि बायको हसत म्हणाली, "अहो, तिला कशाला बोलता? आधी स्वतःचा खिसा बघा."

सासऱ्याचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि तिथेच थिजला.

सून बॅगेकडे बघत उभी होती. तिने फोन बंद केला नाही. कोल्हा नदी ओलांडू लागला.