सोळा विटांचा मंत्री

"त्याला मारतायत हो बाई! सोनं कुठं लपवलंस ते सांग म्हणतात आणि मारतात. काल दुपारपासून चाललंय."

बोलणारी बाई शिवणकाम करणारी होती. हातातलं काम टाकून तशीच निघाली असावी, कारण मापाची टेप अजून गळ्यातच होती. तिचा धाकटा भाऊ बांधकाममंत्र्यांचा ड्रायव्हर. काल दुपारी मंत्र्यांचा त्यांच्याच बंगल्यात खून झाला, तिजोरी रिकामी सापडली आणि ड्रायव्हरच्या शर्टावर रक्त सापडलं. पोलिसांना तेवढं पुरलं.

"शर्टावर रक्त कसं?" आत्यांनी विचारलं.

"साहेब पडलेले दिसले म्हणून त्यानं डोकं मांडीवर घेतलं. जीव आहे का बघायला. तेवढ्यात साहेबांचा भाऊ आला आणि यानंच मारलं म्हणून ओरडत सुटला."

आत्यांनी पोस्टखात्यात पंचवीस वर्षं अफरातफरी शोधल्या होत्या. आता तेच काम त्या खाजगीत करत. मदतीला त्यांचा भाचा असे. वय बेचाळीस, धंदा मुष्टियुद्ध शिकवण्याचा, नाक तीनदा मोडलेलं. डोकं जरा सावकाश चाले, पण आत्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. घरात एकानं घाई केली की पुरे, असं त्या म्हणत.

"कोठडीत भेटू दिलं?"

"लांबून. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत त्याची. बाई, आज रात्रीपर्यंत सोनं सापडलं नाही तर तो वाचत नाही. आणि त्यानं नेलेलंच नाही, तर तो दाखवणार कुठून?"

भाच्याला राग आला. कोचाच्या हातावर त्यानं मूठ आपटली आणि कोचाचा हात निघाला.

सोनं किती ते अख्ख्या शहराला तोंडपाठ होतं. दरवर्षी मंत्री आपल्या मालमत्तेचं विवरणपत्र वर्तमानपत्रांतून छापून आणत. साडेबारा किलोची एक, अशा सोन्याच्या सोळा विटा. पत्रकारांना बोलावून तिजोरी उघडत, सगळ्यांचे डोळे दिपले की बंद करत. इतर पुढारी आपली श्रीमंती लपवतात, हे मिरवत. लोकांनाही ते आवडे. ज्याच्या घरी दोनशे किलो सोनं, तो आपल्या रस्त्याचे चार पैसे कशाला खाईल? या एका हिशेबावर मंत्री दोनदा निवडून आले होते. भाच्यानंही त्याच हिशेबानं मत दिलं होतं.

आधी ती दोघं इस्पितळाच्या शवागारात गेली. तिथल्या डॉक्टरांना आत्यांचं एक जुनं काम आठवत होतं, त्यामुळे आडकाठी झाली नाही.

चादर दूर झाली तेव्हा भाच्यानंही एकदा मान फिरवली. कवटीची डावी बाजू आत गेली होती. खुनाचं हत्यार म्हणजे मंत्र्यांचाच ब्राँझचा अर्धपुतळा. ठेकेदारांनी सत्कारात दिलेला. डाव्या हाताची चार बोटं मागे वळवून मोडलेली होती. एकाचं हाड कातडीतून बाहेर आलं होतं.

"हाल केले," डॉक्टर म्हणाले. "तिजोरीचा आकडा वदवून घ्यायला, असं पोलीस म्हणतात. मरण एक घाव बसताच आलं असणार."

भाचा खाली वाकून बोटं बघत राहिला. मोडलेली बोटं हा त्याचा विषय होता.

"सूज नाही," तो म्हणाला. "रंगही बदललेला नाही. बाहेर आलेल्या हाडाशीसुद्धा रक्त जेमतेम. आत्या, माझं बोट मोडलं होतं तेव्हा मिनिटभरात ठणकून फुगलं होतं."

"मग?"

"मग काही नाही. मंत्र्यांची कातडी जाड असेल."

आत्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

बंगल्याच्या फाटकावर म्हातारा वॉचमन होता. काल बाहेरचं कोण आलं, या प्रश्नाला त्याचं उत्तर तयारच होतं.

"एकटे पारखीसाहेब. सोन्याचा दाखला देणारे. बाराला आले, पाऊणला गेले. पण त्यांच्यावर संशय नको हं बाई. जाताना त्यांची मोठी पेटी मीच गाडीत ठेवली. एका हातानं! तीत दोनशे किलो सोनं असतं तर माझी कंबर गेली असती. पोलिसांनाही मी हेच सांगितलं."

"आणि ड्रायव्हर?"

"तो पाऊणला पेट्रोल भरायला गेला, सव्वाला आला. त्याच फेरीत माल पोचवला म्हणतात. मला नाही खरं वाटत, पण मला विचारतो कोण?"

वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत गालिचावर अजून काळा डाग होता. भिंतीवर उडालेले थेंब थेट मंत्र्यांच्या तसबिरीपर्यंत गेले होते. कपाटाएवढी तिजोरी उघडीच होती. आत एकच फळी, वर निळी मखमल. आत्यांनी मखमलीवर तळहात फिरवला. ती फुगीर, मऊ होती, नव्या उशीसारखी. कुठं खळगा नाही, वळ नाही.

"छान मखमल आहे," भाचा म्हणाला.

"फारच छान," आत्या म्हणाल्या.

मंत्र्यांचा धाकटा भाऊ दारातूनच गरजला. चाळिशीचा माणूस, डोळे लाल, तोंडाला दारूचा वास.

"तुम्ही त्या हरामखोराची बाजू घेताय? मी काल चौकीवर जाऊन स्वतः दोन लाथा घातल्या त्याला. आणखीही घालेन! त्या सोन्यात आठ विटा माझ्या होत्या. वडिलांच्या मालमत्तेतला वाटा. दादा गेली दहा वर्षं देतो देतो म्हणत होता."

"कधी हातात घेतली होती एखादी वीट?"

"दादा हात लावू देत नसे. पण सोमवारी मीसुद्धा बघणार होतो. नवा नियम आलाय ना. सरकारी पथक घरी येऊन मंत्र्यांची मालमत्ता तोलणार होतं. बरोबर त्याआधी डाव साधला त्यानं."

"काल दुपारी तुम्ही कुठं होता?"

"खोलीत. झोपलो होतो." त्यानं नजर चुकवली. "हो, एकटाच. मग?"

मंत्र्यांची बायको खालच्या दिवाणखान्यात ताठ बसली होती. काल अकरा ते दोन ती एका शाळेच्या बक्षीस समारंभात होती. दीडशे पालकांनी तिला पाहिलं होतं.

"सगळं गेलं. सोळाच्या सोळा विटा," ती म्हणाली. आवाज पाठ केल्यासारखा होता.

"ड्रायव्हर तुमच्याकडे किती वर्षं आहे?"

"अकरा."

"चौकीत त्याची बोटं मोडतायत."

बाईंनी पदर सारखा केला. भाच्याला वाटलं, या बाईला नवऱ्याचंही दुःख नाही आणि माणसाचीही कदर नाही.

"पारख्यांना घेऊन ये," आत्यांनी त्याला सांगितलं. "सोन्याबद्दल सल्ला हवाय म्हण. आणि येताना त्यांचा नेहमीचा तराजू आणायला सांग. विटा तोलायचा तोच."

पारख्याचं दुकान दोन गल्ल्यांपलीकडे होतं. भाचा मागच्या दारानं शिरला आणि खोकत सुटला. परसात पत्र्याच्या पिंपात जाळ होता, आणि एवढ्या उन्हात पारखी स्वतः बाह्या सरसावून काठीनं निखारे ढोसत उभा होता.

"जुनी कागदपत्रं," तो हसून म्हणाला. "फार साठतात हो."

किरकोळ अंगाचा, गोड बोलणारा माणूस. वाटेनं त्यानं मंत्र्यांसाठी दोनदा डोळे पुसले. भाच्याला तो आवडला. बंगल्यात शिरताना अंगाला धुराचा वास कसला, असं आत्यांनी विचारलं आणि भाच्यानं परसातल्या जाळाचं सांगितलं.

अभ्यासिकेत त्यानं चपटी पेटी उघडून टेबलावर तराजू मांडला. पितळेचा, नाजूक, सुईसारखा काटा. दांडीवर बारीक अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव होतं आणि खाली 'कमाल वजन दोन किलो'. भाच्यानं कौतुकानं सगळं वाचून काढलं.

"दरवर्षी याच खोलीत, याच तराजूवर," पारखी म्हणाला. "एकेक वीट तोलायची, कसाला लावायची आणि मगच दाखल्यावर सही. नऊ वर्षं माझा शब्द कुणी खोटा म्हटलेला नाही."

"काल कशाला आला होता?"

"सोमवारच्या तपासणीची तयारी. मी निघालो तेव्हा साहेब फोनवर बोलत होते. मला हात हलवून निरोप दिला त्यांनी."

आत्या उठल्या, बाहेर जाऊन त्यांनी इन्स्पेक्टरांना फोन केला. परत आल्या तेव्हा धाकटा भाऊ आणि मंत्र्यांची बायकोही त्यांच्यामागून आत आली होती. आत्यांनी दार लावलं आणि भाच्याला आपल्याशेजारी उभं केलं.

"पोलीस एकच प्रश्न विचारतायत," त्या म्हणाल्या. "सोनं कुठं गेलं? मी वेगळा विचारते. मंत्र्यांची बोटं कधी मोडली? माझ्या भाच्यानं सकाळीच सांगितलं, सूज नाही, रंग बदललेला नाही, रक्त जेमतेम. जिवंत माणसाचं बोट मोडलं तर ते फुगतं. ही बोटं माणूस मेल्यावर मोडली आहेत."

भाचा चकित झाला. हे आपण सांगितलं होतं याची त्याला कल्पनाच नव्हती.

"मेलेला माणूस तिजोरीचा आकडा सांगत नाही. मग कुणी एवढे कष्ट का घ्यावेत? कारण त्याला हवं होतं की आपण म्हणावं, खुनी सोन्यासाठी आला. म्हणजे खुनी सोन्यावर विश्वास ठेवणारा होता, असं आपण मानावं. म्हणजेच खऱ्या खुन्याचा त्या सोन्यावर काडीचा विश्वास नव्हता."

"म्हणजे काय?" धाकटा भाऊ ओरडला.

"म्हणजे सोनं नव्हतं. या मखमलीवर नऊ वर्षं दोनशे किलो वजन असतं तर ती पापडासारखी चेपली असती. इथं हलकं काहीतरी ठेवलेलं होतं."

"खोटं! दादाच्या आठ विटा माझ्या..."

"तुमचा विश्वास आहे, म्हणून तुम्ही सुटलात. तुम्ही मारलं असतंत तर आधी बोटं मोडली असतीत, मग डोकं. ड्रायव्हरचंही तेच. सोनं नाही हे दोघांनाच ठाऊक असणार. घरच्या बाईंना, आणि दाखल्यावर सही करणाऱ्याला. बाई दीडशे माणसांसमोर बसल्या होत्या."

पारखी शांतपणे हसला. "मी नेलं काय, माझ्या पेटीत? वॉचमनला विचारा, पेटी किती हलकी होती."

"विचारलं. तेच तर तुमचं चिलखत होतं. सोनं खरं असेल तर हलकी पेटी तुम्हाला सोडवते. पण विटा खोट्या असतील तर हलकी पेटीच तुम्हाला अडकवते. हा तराजू चपट्या पेटीत मावतो. काल मोठी कशाला आणली होती?"

पारख्याचं हसू तसंच राहिलं, पण पातळ झालं.

"आणि आत्ताच म्हणालात, याच तराजूवर विटा तोलल्या. वीट साडेबारा किलोची. तराजू दोन किलोचा. जो माणूस आयुष्यभर आंगठ्या आणि साखळ्या तोलतो, त्याच्याच हातून अशी चूक होते. विटा कधी तोलायच्याच नव्हत्या, म्हणून मोठ्या तराजूची आठवणच झाली नाही. सोमवारी पथक येणार, मंत्री घाबरले आणि खरं सांगून टाकायचं म्हणाले. त्यांची खुर्ची गेली असती. नऊ खोट्या दाखल्यांसाठी तुम्ही मात्र तुरुंगात गेला असता. विटा नाहीशा करायला तुम्ही पेटी घेऊनच आलात. ते ऐकेनात, तेव्हा हाताशी पुतळा होता."

"पुरावा?" पारखी म्हणाला.

आत्या मंत्र्यांच्या बायकोकडे वळल्या. "बाई, आता एक तर साहेबांचं नाव वाचेल, नाही तर एक माणूस. नेत्यांचं सोनं चोरीला गेलं तर ते मेल्यावरही श्रीमंत राहतात, हे मला कळतं. पण तिकडे अकरा वर्षं तुमची गाडी चालवणारा मरतोय."

मग बाई बोलल्या, आणि आवाज आता पाठ केलेला नव्हता.

"लाकडाच्या होत्या. पहिल्या चार मी स्वतः रंगवल्या."

पारख्यानं तराजूचं किलोचं वजन उचललं आणि आत्यांच्या कपाळावर नेम धरून फेकलं. भाचा मधे आला. वजन त्याच्या गळ्याखालच्या हाडावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला. पारखी दाराकडे धावला. भाच्यानं डाव्या हाताचा एकच ठोसा दिला. पारख्याचा जबडा एका बाजूला सरकला आणि तो गालिचावरच्या काळ्या डागावर तोंडावर आपटला.

दहा मिनिटांनी इन्स्पेक्टर आले. आत्यांच्या फोनवरून ते आधी पारख्याच्या परसात गेले होते. त्यांच्या हातातल्या फडक्यात अर्धवट जळलेला लाकडाचा ठोकळा होता. एका बाजूला सोनेरी रंग फोडांसारखा फुगला होता. इन्स्पेक्टर कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हते.

"ड्रायव्हरनं कबूल केलं हो," ते पुटपुटले. "सोनं एका विहिरीत टाकलं म्हणाला. माझी चार माणसं दुपारपासून विहीर उपसतायत."

"मार थांबावा म्हणून माणूस समुद्रही दाखवेल," आत्या म्हणाल्या.

चौकीवर सगळे गेले. बाईंना जबानी द्यायची होती. भाच्यानं हात पट्टीत अडकवला होता आणि वेदनेनं त्याला घाम फुटला होता. ड्रायव्हरला दोन शिपायांनी धरून पायऱ्यांपर्यंत आणलं. एक डोळा पूर्ण मिटला होता. उजवा हात त्यानं डाव्या हातात लहान मुलासारखा धरला होता. पुन्हा कधी तो स्टिअरिंग धरेल असं भाच्याला वाटलं नाही. बहीण धावत पुढं गेली आणि त्याला कुठं हात लावावा हे न कळून तशीच थांबली.

ड्रायव्हरला बाईसाहेब दिसल्या. सोनं नव्हतंच, हे त्याला आत दोनदा सांगितलं होतं, पण ते त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"बाईसाहेब," तो फुटलेल्या ओठांनी म्हणाला, "तुमच्या विटा मी नाही हो घेतल्या."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

बहिणीनं मान वळवली. "कधीपासून?"

बाईंनी खाली बघितलं. "कालपासून."

बहीण दोन पायऱ्या चढून बाईंच्या समोर आली. इन्स्पेक्टर दचकून भाच्याकडे बघू लागले, कारण सगळ्यांत जवळ तोच उभा होता आणि त्याचा डावा हात मोकळा होता.

भाच्याला तिचा हात वर जाताना दिसला. अडवायला पुष्कळ वेळ होता. तो बाजूला सरकला.