गुलाबी पाण्याचा माग

"आणखी एक ड्रम सोडा!" तात्यासाहेब गरजले.

"नका सोडू!" मृण्मयी, अमेय आणि निलोफर एकदम ओरडले.

त्या वर्षी बजाजनगरात इमारती कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या आणि नळ असे कोरडे, की तोटी फिरवली की आतून पाल जांभई देत बाहेर यायची. खोटं वाटत असेल तर त्या पालीला विचारा! टँकर आठ दिवसांतून एकदा. मुख्तारचाचांच्या वर्कशॉपात तीन ड्रम पाणी होतं. त्यातले दोन सकाळपासून घरगाडीने गिळले होते.

घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. मृण्मयी आणि अमेयच्या आजोबांनी, म्हणजे तात्यासाहेबांनी, ती चाचांकडून जुन्या मिनीबसमधून करवून घेतली होती. आत पलंग, ओटा आणि सगळ्यात महत्त्वाचा संडास! आजीचा उजवा पाय सहा वर्षं साथ देत नव्हता. वाटेतले संडास तिला जमत नसत, म्हणून तिने प्रवासच सोडला होता. उद्या मात्र ती हर्णैला, बहिणीकडे, समुद्रावर निघणार होती.

पण काल देवगाव रंगारीपर्यंत चाचणीची फेरी झाली आणि आज घोळ! संडासाखालची टाकी रिकामी केली, बाहेरून पाइप जोडून मोटरने पाणी सोडलं, तरी टाकी धुऊन निघेना. वास असा, की माश्यासुद्धा नाक दाबून उडत होत्या.

"संध्याकाळपर्यंत झालं नाही, तर जाणं रद्द! गाडी ठेवा तुमच्याकडेच!" आजोबांनी बजावलं.

"टाकी धुणारा आतला फवारा चोंदला असंल साहेब," चाचा कसनुसे म्हणाले. "टाकी कापावी लागंल. चार दिवस द्या."

"राहू द्या हो," खुर्चीतली आजी हसली. "समुद्र काय, फोटोतही दिसतो."

मृण्मयीला ते हसणं मुळीच आवडलं नाही. तिने दोघांना गाडीमागे ओढलं.

"दोन ड्रम आत गेले. बाहेर गटारात किती आलं?"

"मी बघत होतो," अमेय म्हणाला. "फार तर बादलीभर!"

"तो बाकी पानी गया कहाँ?" चाचांची निलोफर पाने-पकडींशी खेळतच मोठी झाली होती. "पाय फुटले काय त्याला?"

"माग काढायचा! पण पाणी ओळखायचं कसं?" मृण्मयी म्हणाली.

निलोफर शेजारच्या घरात पळाली आणि एक बाटली घेऊन आली. "अम्मीचं गुलाबाचं सरबत! रंग भी, वास भी!"

"संडासात सरबत?" अमेय किंचाळला.

"तुला प्यायला नाय देत, घाबरू नको!"

आता पाणी हवं. पण शेवटच्या ड्रमच्या झाकणावर आजोबा स्वतः ठाण मांडून बसले होते! अमेय धापा टाकत गेला. "आजोबा, पलीकडच्या मैदानात पोरं भांडतायत! आउट की नॉट आउट? अंपायरच नाहीये!"

आजोबांचे डोळे चमकले. "एकच षटक हं!" म्हणत ते उठलेही.

झटपट एक बादली काढली, अर्धी बाटली सरबत ओतलं आणि मोटर सुरू! निलोफर गटाराशी, धावत परतलेला अमेय मोटरशी, मृण्मयी गाडीत गुडघ्यांवर रांगत, नाक फरशीला लावून.

"इथं काहीच येईना!" बाहेरून हाक आली.

आणि मृण्मयीच्या नाकात गुलाब दरवळला! संडासाच्या भिंतीखालून गुलाबी ओघळ निघून फरशीच्या फटीत गडप होत होता. खालची तहानलेली माती सकाळपासून गुपचूप पाणी पीत होती!

"सापडलं! भिंतीच्या आत आहे! मोटर बंद कर!"

निलोफरने चार स्क्रू काढून फळी सरकवली. आत मुठीएवढी झडप होती आणि तिच्या जोडातून गुलाबी पाणी टपकत होतं.

"टाकीतली घाण उलटी येऊ नये म्हणून ही झडप. पण पुढं काहीतरी अडकलंय, म्हणून पाणी जोडातून फुटतंय!" तिने झडप खोलली, पकड घातली आणि ओढलं. जांभळं काहीतरी निघालं. निघतच राहिलं! जरीच्या काठाचं फडकं!

"अगं बाई, हे तर माझ्या पातळाचं!" आजी म्हणाली.

"कुणी केला हा गाढवप—" मैदानातून परतलेल्या आजोबांनी ते फडकं ओळखलं आणि जीभ चावली.

त्यांच्या घरी टँकरचं पाणी पाइपाच्या तोंडाला फडकं बांधल्याशिवाय कधी घेतलं जात नसे. साऱ्या गल्लीचीच ती रीत. सकाळी पाइप जोडताना आजोबांनी कुणाला न विचारता ते स्वतःच्या हाताने बांधलं होतं आणि मोटरच्या जोराने ते सुटून आत गेलं होतं!

"अहो," आजीने डोळे मोठे केले, "संडास धुवायला गाळलेलं पाणी?"

हसून हसून अमेय जमिनीवर लोळला. आजोबा मात्र चाचांसमोर उभे राहिले. "मुख्तार, सकाळपासून तुम्हाला नको ते बोललो. चूक माझी."

"जाऊ द्या साहेब. फडकं तर आमच्या नळाला पण हाय."

जोड घट्ट बसवला. मोटर पुन्हा सुरू झाली. गटाराशी वाकलेली निलोफर नाचायलाच लागली, "आलं, आलं! धो धो!" अर्ध्या ड्रमात टाकी लख्ख!

"मी दोन ड्रम मातीत घातले आणि तुम्ही एका बादलीत चोर पकडलात," आजोबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "शाबास!"

"पुढच्या गाडीची झडप निलोफरला विचारूनच बसवणार," चाचा म्हणाले.

तोवर मृण्मयीच्या खांद्याचा आधार घेत आजी गाडीच्या तीन पायऱ्या चढलीही होती. खिडकीशी ऐसपैस बसून तिने फर्मावलं, "उद्याचं उद्या! मला आत्ताच मुकुंदवाडी स्टेशनापर्यंत फिरवून आणा. आणि तुम्ही मागे बसा हो, पुढे ही पोरं बसतील!"