उंदीर काही वाळेना

पेणच्या मूर्तींच्या कारखान्यात शिरल्यावर किमयाला आधी भेटला तो नुसता आवाज. एका मोठ्या गणपतीच्या पोटाआडून तो म्हणाला, "बुकिंग बंद झालंय, मॅडम."

"मला गणपती नकोय. हवा मोजायचीय."

मग शाडूने माखलेलं एक डोकं बाहेर आलं. तो प्रणित, मालकाचा मुलगा.

किमया निडी गावची, रोह्याच्या कॉलेजात फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. मूर्ती वाळण्याचा वेग आणि हवेतला दमटपणा, हा तिचा प्रोजेक्ट. तिने भिंतीवर दोन थर्मामीटर टांगले. एक उघडा, दुसऱ्याच्या टोकाला ओल्या कापडाची पट्टी, पट्टीचं शेपूट पाण्याच्या वाटीत. कापडातलं पाणी उडतं, म्हणून तो थर्मामीटर गार होतो; हवा जितकी कोरडी, तितका दोघांतला फरक मोठा. हे सगळं तिने प्रणितला नीट समजावलं. तो मान हलवत राहिला, पण त्याचं लक्ष तिच्या कानामागच्या पेन्सिलीवर होतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही थर्मामीटर एकच आकडा दाखवू लागले. तिसऱ्या दिवशीही तेच. मूर्ती वाळवायचे हॅलोजन जळत होते, पंखे गरगरत होते, आणि किमयाच्या आकड्यांप्रमाणे कारखान्यात धुकं पडायला हवं होतं. तिने थर्मामीटर बदलले. ढगात बसून रीडिंग घेतेस का, असं सरांनी फोनवर विचारलं तेव्हा तर तिला रडूच यायचं बाकी राहिलं.

मग एकदा ती आधीच्या गाडीने आली. बघते तर प्रणित ती पट्टी वाटीतून काढून, पिळून, हॅलोजनसमोर धरून, अगदी मन लावून...

"काय करतोयस हे?"

"वाळवतोय. रोजच ओली राहते ती. म्हटलं, तुला कशाला त्रास."

कोपऱ्यात रंग कालवणारी विमलबाई हसली. "त्याला बोलू नको गो. ओलं दिसलं की वाळवायचं, येवढंच शिकलाय तो जल्मापासून."

पण किमयाची सगळी मोजणी वाया गेली होती. सबमिशन जवळ आलं होतं आणि शेवटच्या मूर्ती वाळून रंगायलाही गेल्या होत्या.

"आता मी मोजू काय? तुझं डोकं? तेही कोरडंच आहे."

दुसऱ्या दिवशी स्टुलावर शाडूचा ताजा उंदीर बसलेला होता... कानामागे इवलीशी पेन्सिल खोचलेला.

"घे. पूर्ण ओला हाय. पट्टीला हात लावणार नाय, शप्पथ."

ती रोज दुपारी येऊन उंदराचं वजन करू लागली. थर्मामीटरही शहाण्यासारखे वागू लागले. चहा पिताना प्रणित विचारायचा, ढग खाली का पडत नाहीत? ती सविस्तर सांगायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न.

"काल सांगितलं ना?"

"काल ऐकत नव्हतो... बघत होतो."

तिचे कान गरम झाले. या गोष्टीचाही तिला रागच आला.

आणि मग उंदराचं वजन कमी व्हायचंच थांबलं. हवा कोरडी, दोन आकड्यांत चांगला फरक, तरी उंदीर जसाच्या तसा जड. तिने काटा तपासला. उंदराच्या पाठीवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"प्रणित, एकतर फिजिक्स खोटं आहे, नाहीतर तू."

त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. विमलबाईला एकदम बाहेर जाऊन डबे धुवायचं आठवलं.

"घरी जाताना ओलं फडकं घालतो त्याच्यावर," तो हळूच म्हणाला. "हा वाळला की तुझं काम संपलं. मग तू कशाला येशील पेणला..."

किमयाला ओरडायचं होतं. जे ओलं राहायला हवं ते या माणसाने वाळवलं, जे वाळायला हवं ते भिजवलं. एकाच प्रोजेक्टचं दोनदा वाटोळं! पण राग नेमका आत्ता नीट जमून येईना.

"मूर्ख आहेस. सरळ विचारायचं ना."

"विचारतो. येशील?"

तिने खिळ्यावरचं फडकं काढलं, घडी घालून आपल्या बॅगेत कोंबलं.

"आजपासून हा वाळलाच पाहिजे. सोमवारी सबमिशन आहे." दारापाशी ती थांबली, पण वळली नाही. "आणि मंगळवारी मी नेहमीच्याच गाडीने येतेय... थर्मामीटर काढून ठेव. लागणार नाहीत."