कातळगडची व्याहीभेट

कातळगडावर पहाट उजाडली तीच मुळी दमलेली. किल्लेदार यमाजीराव धुमाळ तटाला टेकून खालचा वेढा न्याहाळत होते. गड नवाबाचा, वेढा टोपीकरांचा. पण पावसाळा सरल्यापासून वर नवाबाचा घरचा शिपाई मेला नव्हता की खाली एखादा टोपीकर. मरत होते ते याच खोऱ्यातले, दोन्हीकडून, एकमेकांच्या घरची खुशाली विचारून.

त्यात वेढा घालणारे सरदार हैबतराव जगदाळे यमाजीरावांचे व्याही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली सगुणा गडावर अडकली, ती सासऱ्यांच्याच वेढ्यात. मुलीचा बाप म्हणून यमाजीराव प्रत्येक हल्ला अदबीने परतवीत; तरी मुलाकडच्यांचा रुसवा काही जात नव्हता.

आज मात्र टोपीकरांच्या कप्तानाने थोरली तोफ आणून बालेकिल्ल्यावर रोखली होती, आणि तिथेच सगुणा कळा देत होती.

"हलवता यायची न्हाई," सुईण म्हणाली.

यमाजीरावांनी समशेर उतरवली, लग्नकार्यातली पगडी चढवली, दिंडी दरवाजातून एकटेच बाहेर पडले आणि उतार उतरून थेट तोफेच्या तोंडाशी उभे राहिले.

हैबतराव धावत आले. "किल्लेदार, तह मागायला आलात?"

"तह करणारा मी कोण? आमंत्रण घेऊन आलोय, पाहुणे. सगुणेला कळा सुरू झाल्यात. तोफ डागायचीच, तर बत्ती आपल्या हातानं द्यावी. नातवंड आपलं, पहिला मान आपला."

"लग्नात लंगडा घोडा दिलात, तेव्हाही असंच गोड बोलला होतात!"

"बत्ती दे!" कप्तान ओरडला.

गोलंदाजाने हैबतरावांकडे पाहिले. हैबतराव तोफेला वळसा घालून पुढे आले आणि त्यांनी व्याह्यांना कडकडून मिठी मारली.

"आता उडव दोघांना," ते गोलंदाजाला म्हणाले. "फार थकलो रे बाबा."

गोलंदाजाने बत्ती मातीत खुपसली. कप्तान ओरडतच राहिला. फौज मात्र होती तिथेच खाली बसली.

दुपारी सगुणेला मुलगी झाली.

नवाबाने यमाजीरावांना फितूर ठरवले, टोपीकरांनी हैबतरावांना. दोघांच्या जहागिऱ्या गेल्या. पुढल्या हिवाळ्यात नवाबाने आणि टोपीकरांनी तह केला, मेजवानीत परस्परांच्या शौर्याची वाखाणणी केली आणि कातळगड दोघांनाही निरुपयोगी म्हणून सुरुंग लावून उडवून दिला. दारू दोघांनी निम्मी-निम्मी पुरवली.

तो धडाका हैबतरावांच्या ओसरीवर बसलेल्या दोघा व्याह्यांना ऐकू आला.

"अखेर नवाब आणि टोपीकर स्वतःची माणसं घेऊन गडावर आले म्हणायचे," हैबतराव म्हणाले.

"हळू बोला, पाहुणे," यमाजीराव झोळीला झोका देत म्हणाले. "आत्ता कुठं निजलीय."