तहान नसलेला पाहुणा

"इथेही भरलेला ग्लास!" ढब्बू कुजबुजला.

सुट्टीतला चेंडू जिन्यात हरवला होता. तो शोधता शोधता तिघांना हे ग्लास दिसले. पहिल्या मजल्यावर दोन, दुसऱ्यावर हा तिसरा. चपलांच्या कपाटावर, काठोकाठ भरलेला.

"पाणी मागायचं आणि प्यायचं नाही? असं कोण करतं?" चष्मी म्हणाली.

"भूत!" तिचा धाकटा भाऊ शेपूट म्हणाला.

"भुताला तहान लागत नाही, शहाण्या."

"म्हणून तर म्हणतोय!"

समोरचं दार अर्धवट उघडं होतं. आत शेजारच्या काकू शेगडीपुढे मटकन बसल्या होत्या.

"गॅसच्या नळ्या विकणारा होता गं. पाणी मागितलं म्हणून आणायला वळले, तर मागोमाग आत! चांगली नळी कापली आणि म्हणाला, आता नवी घ्या, नाहीतर गॅस बंद. दोनदा म्हटलं नको, ऐकेचना!"

तेवढ्यात सोसायटीचे अध्यक्षकाका शीळ घालत खाली आले. "तो? भला माणूस आहे! मला नळी फुकट बसवून दिली. मीच चौथ्या मजल्यावर पाठवलं. म्हटलं, आजी एकट्याच आहेत, निवांत बोलता येईल."

"चौथ्या मजल्यावर?" चष्मी ओरडली. ती तिचीच आजी होती!

तिघं धावत सुटले. वर दार सताड उघडं. माणूस स्वयंपाकघरात पोचलेला. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड हसू, हातात चाकू. आजी पाण्याचा ग्लास घेऊन भिंतीला चिकटलेली.

"आजी, त्याला जा म्हण!"

"अगं, दारात आलेल्या माणसाला असं कसं..."

"खाली पाटीवर लिहिलंय! घरातलं माणूस जा म्हणालं की विक्रेत्याने निघायचं. तूच म्हण!"

"पोरांचं काय ऐकता, आजी?" तो हळू आवाजात म्हणाला. चाकू नळीला टेकला.

"जा," आजी पुटपुटली.

"ऐकू नाही आलं," तो हसत म्हणाला.

"जा! माझ्या घरातून आत्ताच्या आत्ता चालता हो!"

तो दचकला. ढब्बूने तेवढ्यात त्याची पिशवी जिन्यात ओढली, आणि कापलेल्या नळ्या पायऱ्यांवरून घरंगळल्या. कापलेली टोकं सोडली, तर एकीलाही साधी चीर नव्हती! मजल्यामजल्यावरची दारं उघडली. तो पळाला, पण काकू आणि अध्यक्षकाका जिना अडवून उभे होते.

पोलिसांच्या गाडीत बसतानाही तो हसत होता. वर बघत एकेक खिडकी न्याहाळत होता. शेपटाने ताईचा हात घट्ट धरला.

"शाबास रे पोरांनो!" अध्यक्षकाका घाम पुसत म्हणाले. "ती पाटी मीच लावली, पण वाचली मात्र तुम्ही."

आजी खुर्चीत टेकली. "इतक्या जोरात आयुष्यात ओरडले नव्हते. पण जमलं ना गं मला?"

"जमलं म्हणजे काय! गच्चीवरची कबुतरंसुद्धा उडाली, आजी!"