पट्ट्या तेवढ्या तिच्याच

चष्मेवाल्यांनी गाडी मिस्त्रीकडे नेली ती आपल्या चष्म्याच्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, चहा-बिहा घेऊन, अगदी निवांत. काम काही जगावेगळं नव्हतं. त्यांच्या म्हाताऱ्या गाडीतल्या सीटा काढायच्या आणि त्याच गाडीच्या नव्या मॉडेलच्या, कुठल्याशा भंगारात निघालेल्या, बसवून घ्यायच्या. गाडी जुनी, बैठक नवी. लोक असं करतच असतात.

खरं म्हणजे त्यांना स्वतःला नव्या सीटा नकोच होत्या. हट्ट लेकीचा होता. ती पोटुशी होती, दिवस भरत आले होते, जावई कामावर परगावी, आणि वेळ आली की तिला दवाखान्यात न्यायचं ते बापानंच. पण शेजारच्या सीटवर बसायला ती काही केल्या तयार होईना. त्या सीटवर तिची आई गेली होती.

दवाखान्यातून घरी आणतानाच गेली. चष्मेवाले बोलत होते. एरवीही त्यांच्या तोंडाला कुलूप नसे, आणि त्या दिवशी तर बायको घरी येतेय म्हणून दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगत, स्वतःच हसत गाडी चालवत होते. दारात गाडी उभी करून ‘चल, उतर’ म्हणाले, तेव्हा कळलं. ती नेमकी कुठल्या वळणावर गेली, ते त्यांना आजही सांगता आलं नसतं. त्या एका गोष्टीनं हा माणूस आतून पोखरला होता, पण बोलणार कुणाशी?

मिस्त्री हाताचा कसबी आणि जिभेचा तिखट. गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, हिला नव्या सीटा म्हणजे आजीबाईला नवी कवळी. पण घोडं अडलं ते खालीच. सीट ज्यांवर पुढेमागे सरकते त्या लोखंडी पट्ट्या नव्या सीटला नव्हत्याच. वाकल्या होत्या म्हणून त्यानं कापून फेकल्या होत्या. दुसऱ्या मागवाव्या लागणार होत्या, आणि तळाचा पत्रा गंजलेला, त्यात नवी भोकं पाडणंही जोखमीचं.

“जुन्याच पट्ट्या लावा ना खाली,” चष्मेवाले म्हणाले.

मिस्त्रीनं मान हलवली. त्याच्या घराण्यात ती रीत नव्हती. एका सीटच्या पट्ट्या दुसऱ्या सीटला ते लोक कधीच जोडत नसत. बसणाऱ्याचा भार सीटवर असतो, पण सवय पट्ट्यांत उतरते, असं त्याचा बाप म्हणायचा.

“म्हणूनच म्हणतो,” चष्मेवाल्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “सीट तुम्ही काढणारच आहात. पट्ट्या तेवढ्या तिच्याच राहू द्या.”

मिस्त्रीनं त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं. मग बापाची शिकवण बाजूला ठेवून त्यानं वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला. माणूस रडकुंडीला आला की भल्याभल्यांची शिस्त मोडते.

पुढच्या दोन्ही सीटा बसल्या. मागची मोडकी होती, ती शिवून तयार व्हायची होती. तोवर मागे नुसता पत्रा. नव्या सीटांत गरम व्हायच्या तारा होत्या, पण या गाडीत त्यांना जोडायला काही नव्हतं, म्हणून मिस्त्रीनं त्यांची टोकं कापून टाकली. आणि तरी घरी जाताना चष्मेवाल्यांनी शेजारच्या सीटवर सहज हात ठेवला, तर ती कोमट लागली. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

तुम्हीआम्ही असतो तर घाबरलो असतो. चष्मेवाले घाबरले नाहीत. बायकोला बारा महिने थंडी वाजायची. त्यांना वाटलं, आली. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि हात न काढता ते घरापर्यंत हळूहळू बोलत गेले. अधूनमधून मुद्दाम थांबत होते, तिला काही म्हणायचं असेल तर…

सकाळी पाहिलं तर शेजारची सीट पार पुढे गेलेली. सीट जागी धरणारा खटका सैल असेल म्हणून त्यांनी ती मागे ओढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे, इतकी की डॅशबोर्ड आणि सीट यांच्यामध्ये माणसाचे पायसुद्धा मावले नसते. गाडीत वास येत होता. ओल्या गाळाचा, शेवाळाचा. आणि मग त्यांच्या लक्षात आलं ते साधंच होतं. बायकोचा एक गुडघा वाकत नसे. सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे असल्याशिवाय तिला बसताच येत नव्हतं. ती पुढे कशाला सरकेल?

त्या वेळी मात्र चष्मेवाले घाबरले. मग गाडीत ते कुणाशी बोलत होते?

गाडी घरीच ठेवून ते मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनं आधी उडवाउडवी केली, मग हातातला पाना खाली ठेवला. या सीटा ज्या गाडीतल्या, ती गाडी तळ्यात गेली होती. चालवणारा नवरा पोहून वर आला. शेजारी त्याची बायको होती. दणक्यासरशी सीट पुढे जाऊन अडकली, पट्ट्या वाकल्या, आणि ती बाई सीट आणि डॅशबोर्ड यांच्यात चेपून राहिली. बाहेर काढली तेव्हा तिचा हात खटक्यावरच होता.

“मला वाटलं, काका, वाकलेल्या पट्ट्या टाकून दिल्या की संपलं. पण आता तिला… चालत्या पट्ट्या मिळाल्या.”

“आणि आमची जुनी सीट?”

ती अजून मिस्त्रीच्या अंगणात पडून होती. उद्या गाडी घेऊन या, होती तशी बसवून देतो, मिस्त्री म्हणाला. या वेळी त्यानं चेष्टा केली नाही.

पण उद्यापर्यंत थांबायला बाळ काही मिस्त्रीचं गिऱ्हाईक नव्हतं. त्याच संध्याकाळी लेकीला कळा सुरू झाल्या. बाहेर दाट धुकं. टॅक्सीवाले फोनवरच हात झटकत होते. शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप. चष्मेवाल्यांनी लेकीला मागे पत्र्यावर गादी टाकून बसवायचं ठरवलं, पण तिला वाकताच येईना. ती रडवेली होऊन म्हणाली, “बाबा, नवी सीट आहे ना? मग मला पुढेच बसू द्या.” आणि बसली.

सीट शेवटच्या खाचेत होती. चष्मेवाले एका हातानं गाडी चालवत होते, दुसरा हात खटक्यावर. काचेपलीकडे धुक्याशिवाय काही नाही. आत गाळाचा वास वाढू लागला.

त्याच तळ्याकाठचा उतार लागला आणि खट् झालं. सीट एक खाच पुढे सरली.

“बाबा…”

पुन्हा खट्. त्यांनी खटका दाबला, ओढला, तो दगडासारखा. थांबावं तर कळा थांबत नव्हत्या, चालवावं तर सीट सरकत होती. लेकीनं दोन्ही तळवे समोर टेकवले, पोट वाचवायला. अजून एक खाच, आणि तिची कोपरं वाकली.

“बाबा, मागे घ्या ना… बाबा, बाळ…”

आणि मग सीट थांबली. लोखंड विव्हळल्यासारखा आवाज आला. सीट थरथरत उभी राहिली, जणू दोघांनी दोन बाजूंनी धरली होती. मग एकेक खाच करत, अगदी सावकाश, ती मागे आली आणि शेवटच्या खाचेत जाऊन बसली.

“किती जोर लावलात बाबा,” लेक धापा टाकत म्हणाली. चष्मेवाल्यांचे दोन्ही हात तर गाडी सावरायला केव्हाच स्टिअरिंगवर आले होते. त्यांनी आरशात बघायचं धाडस केलं नाही.

दवाखान्यात पोचल्यावर फार वेळ लागला नाही. मुलगी झाली. दोघी सुखरूप. चष्मेवाल्यांनी नातीचं इवलंसं कपाळ पाहिलं आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. मग नर्सनं बाळाचे कपडे मागितले, तेव्हा पिशवी गाडीतच राहिल्याचं आठवलं आणि ते खाली आले.

पिशवी मागे पत्र्यावर होती. दार उघडून ते आत वाकले आणि तसेच राहिले. पुढच्या सीटच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांपाशी, कापड आत दबलं होतं. मागून कुणी बोटं रुतवून धरलेलं असावं तसं. धरणारं कुणी दिसत नव्हतं. सीट मात्र अजूनही बारीक थरथरत होती.

“झालं गं,” ते कुजबुजले. “पोर सुटली. मुलगी आहे. नाक तुझं आहे… सोड आता.”

थरथर थांबली नाही. उलट एका बोटाची खळगी हळूहळू भरून आली आणि सीट केसभर पुढे सरली. तेव्हा त्यांना उमगलं. सोडायचं तिच्या हाती नव्हतं; सोडलं की ती तळ्यातली बाई तिलाच ओढून नेणार होती. ती थकत चालली होती.

चष्मेवाले पत्र्यावर गुडघे टेकून बसले. त्यांनी आपले दोन्ही पंजे त्या खळग्यांवर ठेवले आणि होता नव्हता तो जोर लावून सीट मागे धरली. पुढून ओढ आली, खोल पाण्यातून यावी तशी. आणि त्यांच्या तळव्यांखाली थंडगार बोटं होती, ओळखीची, एका बोटात अंगठी सैल झालेली. या वेळी ते गप्प बसले. ओझं दुसऱ्याच्या हाती नीट गेलंय याची खात्री करत सोडावं, तशी तिनं एकेक बोट सोडलं. शेवटचं कधी सुटलं ते त्यांना स्पष्ट कळलं.

उजाडता उजाडता जावई धावतपळत आला. काचेवर टकटक करून हसत म्हणाला, “बाबा, इथे काय करताय? तिला उद्या घरी सोडणार आहेत. गाडी आहेच आपली.”

“टॅक्सी करा,” चष्मेवाले म्हणाले. त्यांची बोटं पांढरीफटक पडली होती.

“आणि तुम्ही?”

त्यांनी पकड आणखी घट्ट केली. जावयानं पुढचं दार उघडलं, तर सीटवरून पाणी ओघळत होतं, आणि खटका कुणी खाली दाबून धरावा तसा खालीच होता.